विश्लेषण : सेकंडहँड यॉट लहान हवी आणि वेगवानही, मग आधी काय तपासायचे?

युरोप-अमेरिकेच्या बंदरांत वीस-पंचवीस वर्षे जुन्या शिडाच्या यॉट नव्या नौकेच्या तुलनेत बऱ्याच स्वस्तात मिळतात. त्यातल्या ३० ते ३५ फुटांच्या, मुळात शर्यतीसाठी बांधलेल्या नौकांवर दोघांना भ्रमंतीला निघता येते. मात्र या नौकांना वेग देणाऱ्या गोष्टीच जुन्या झाल्यावर धोक्याच्या ठरू शकतात.

वेग कशासाठी?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीडल्सपासून फ्रान्सचे शेरबर्ग सुमारे ६० सागरी मैल आहे. ताशी सरासरी ५ सागरी मैल, म्हणजे ५ नॉट, वेगाने गेल्यास १२ तास लागतात. साडेसहा नॉटने सव्वानऊ. हा फरक अंधार पडण्याआधी बंदर गाठण्याचा असतो आणि बिघडणाऱ्या हवामानाच्या पुढे राहण्याचाही. वाऱ्याची झुळूक मंदावली तरी हलकी नौका चालत राहते, जड नौकेवर इंजिन सुरू करावे लागते. त्यामुळे वेग ही केवळ शर्यतवाल्यांची हौस नव्हे.

लांबी सारखी, मग फरक कुठे?

दोन नौका शेजारी ठेवून पाहू. अमेरिकी ‘जे/१०५’ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, साडेचौतीस फुटांची. ब्रिटिश ‘रस्लर ३६’ साधारण तेवढीच, ३५ फुटांची. दोन्हींची रुंदी ११ फूट. पण पहिलीचे वजन सुमारे साडेतीन टन, दुसरीचे साडेसात टनांहून अधिक!

पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की तळाचा नैसर्गिक वेग साधारण कळतो. तो जे/१०५ साठी ७.३ नॉट, तर रस्लरसाठी ६.९ नॉट येतो. कागदावर फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात हलकी नौका मागून वारा मिळाला की लाटेवर स्वार होऊन ही मर्यादा ओलांडते; जड नौका मात्र स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकून पडते.

म्हणजे जड नौका टाकाऊ का?

अजिबात नाही. निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, तो ‘बायानत’ या रस्लर ३६ वरच. २३६ दिवसांचे सामान पोटात घेऊन दक्षिण महासागर पार करायचा तर वजन हाच आधार असतो.

ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत वादळाने १५ शर्यतपटूंचा बळी घेतला. सर्वात लहान नौकांच्या गटातून ‘असेंट’ ही एकच नौका शर्यत पूर्ण करू शकली. ती कॉन्टेसा ३२ जातीची, अरुंद आणि वजनदार होती. त्यानंतर अमेरिकेत उलटण्याच्या धोक्याचे एक ढोबळ गणित पुढे आले. त्यात रुंदी आणि वजनाचे गुणोत्तर २ च्या खाली असलेले बरे मानतात. रस्लरचे ते १.७ च्या आसपास येते, जे/१०५ चे २.२. अर्थात, हे गणित वजन नेमके किती खोलवर आहे हे पाहतच नाही. त्यामुळे तेवढ्यावरून नौका नाकारू नये. पण खुल्या महासागरात कुटुंबासह जायचे असेल, तर या आकड्याकडे डोळेझाकही करू नये.

सामान भरल्यावर काय होते?

जाहिरातीत न दिसणारी बाब हीच. पिण्याचे पाणी, डिझेल, धान्य, अवजारे, बॅटऱ्या मिळून ५०० किलो सहज होतात. नांगराची ८ मिलिमीटरची साखळी ५० मीटर घेतली तरी तिचेच सुमारे ७० किलो, आणि तेही नेमके नाळेकडे, जिथे वजन सर्वाधिक नडते. ५०० किलो म्हणजे जे/१०५ च्या वजनाचा सातवा हिस्सा. रस्लरला तो पंधरावा. हलकी नौका घेऊन तिच्यावर घर थाटले की पैसे वेगाचे मोजलेले असतात आणि वेग हाती लागत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या किनारी सफरी, मोजके सामान आणि आत वाकून वावरायची तयारी असेल, तरच अशी नौका घ्यावी.

पाहणी कुठून सुरू करावी?

कीलपासून. तळाखाली उभा असलेला हा शिशाचा किंवा बिडाचा जड पाता नौकेला सरळ ठेवतो. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ ही ४० फुटी नौका अँटिग्वाहून ब्रिटनला परतत असताना अटलांटिकमध्ये तिचा कील निखळला आणि चौघे खलाशी गेले. कील पूर्वी जमिनीला लागल्याने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे त्याच्या जोडाजवळची बांधणी कमकुवत झाली असावी, असे ब्रिटिश तपास यंत्रणेने अहवालात म्हटले.

त्यामुळे विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच : तळ कधी लागला होता, आणि नंतर काय केले? वेगात असताना कील खडकाला धडकला की त्याची मागची कड वर, नौकेच्या पोटात घुसते. म्हणून आतली फळी उचलून कीलच्या मागच्या टोकाजवळ फायबरला तडे आहेत का, बोल्टभोवती गंज ओघळला आहे का, हे पाहायचे. नौका क्रेनने उचलून हळूहळू जमिनीवर टेकवताना कील आणि तळ यांच्या सांध्यावर नजर ठेवावी. तो उघडमीट करत असेल तर सौदा तिथेच थांबवावा. ही तपासणी तज्ज्ञ सर्व्हेअरकडून करून घ्यावी आणि त्याची निवड विक्रेत्याने नव्हे, आपण करावी.

आणखी काय?

हलक्या नौकांचे डेक बहुधा दोन फायबरच्या थरांत बाल्सा लाकूड घालून बनवतात. जे/१०५ ही त्यातलीच. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत मुरले की लाकूड कुजते. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जावे. टणक आवाज थांबून बद्द आवाज आला की तिथे शंका धरावी.

डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा दहा वर्षांहून जुन्या असतील, तर विमा कंपन्या बदलायला सांगू शकतात. तळातून खाली उतरणाऱ्या सेलड्राइव्हचा रबरी पडदा व्होल्वो पेंटा सात वर्षांनी बदलायला सांगते. तो कधी बदलला, याची पावती मागावी. गाद्यांवरचे डाग मात्र धुता येतात, त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

‘शिडांचे तीन संच सोबत’ हे वाक्य जाहिरातीत हमखास असते. त्यातली शर्यतीची लॅमिनेटेड शिडे सहसा थकलेली निघतात. भ्रमंतीला लागतात ती साधी डॅक्रॉनची, आणि ती नवी शिवून घेण्याचा खर्च किंमत ठरवतानाच वजा करावा.