ठिणगी कुठे अडली?

‘बायकांनी मशीनला हात लावला की झालंच कल्याण!’ हे वाक्य आमच्या बंदरावर पूर्वी सर्रास ऐकू यायचं. देवबागला एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पाहुण्यांची जेवणं, अंथरुणं सांभाळता सांभाळता आम्ही काही जणी होडीही चालवायला लागलो. चालवणं सोपं हो, खरी परीक्षा मशीन बंद पडल्यावर.

एका डिसेंबरात संगमाजवळ आमचं मशीन असंच गेलं. सुकती लागलेली, पाणी समुद्राकडे ओढतंय, होडीत सहा पाहुणे. अशा वेळी पहिला हात मशीनला नाही, नांगराला! होडी एका जागी ठरली की डोकंही चालतं. पाहुण्यांना लाइफ जॅकेटं घट्ट करायला सांगितलं.

मशीन कसं बंद पडलं तेही महत्त्वाचं. आचके देत, दम लागल्यासारखं थांबलं तर बहुधा पेट्रोलची अडचण. दिवा मालवल्यासारखं क्षणात गेलं तर संशय विजेवर. आमचे भावोजी नेहमी म्हणतात, ‘‘वयनी, आदी लाल दोरी बघ, मगे इंजिन खोल.’’ ह्या दोरीचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं क्लिपने मशीनच्या स्विचला. आपण पाण्यात पडलो तर क्लिप निघून मशीन थांबतं, नाहीतर बिनमाणसाची होडी गोल फिरून आपल्याच अंगावर येईल. पण चुकून क्लिप निघाली असेल तर स्टार्टर ओढून हात दुखले तरी ठिणगी पडायची नाही.

आमची क्लिप जागेवर होती. मग झाकण उघडलं, प्लग काढले. दोन्ही पेट्रोलने ओले. म्हणजे पेट्रोल येतंय, पेटत नाहीये. (प्लग कोरडे असते तर पेट्रोलची नळी तपासली असती.) ठिणगी बघताना मात्र घाई नको. पेट्रोलची नळी काढायची, सांडलेलं पुसायचं, वाफ वाऱ्यावर जाऊ द्यायची. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या धातूला पक्का टेकवायचा, रबरी मुठीच्या पकडीने धरायचा, आणि प्लगच्या भोकांपासून लांब. नुसत्या हाताने धराल तर झटका जबर असतो. दोन प्लग असतील तर दोन्ही टेकवायचे. टोपी लोंबकळत ठेवून स्टार्टर ओढला तर कॉइल जाऊ शकते, आणि कॉइल काही स्वस्त नाही!

निळी, टचकन वाजणारी ठिणगी चांगली, पिवळट, मरगळलेली कमजोर. आमच्या दोन्ही प्लगना काहीच नाही. आता दोन प्लग एकाच क्षणी कसे मरतील? म्हणजे दोघांच्या वाटेवरचं काहीतरी सामायिक बिघडलेलं. स्विचची वायर चाचपली. कंपनाने घासून तिचं आवरण गेलं होतं, तांबं इंजिनाला टेकत होतं. मशीनला वाटत होतं, कुणीतरी बंदचं बटण दाबून धरलंय! ती वायर सोडवून टोक चिकटपट्टीत गुंडाळलं, आणि ठिणगी आली.

पण असं मशीन बटणाने बंद होत नाही आणि लाल दोरीही निकामी होते. हा उपाय किनाऱ्यापर्यंतचाच. धक्क्याला लागल्यावर पेट्रोल तोडून थांबवलं आणि वायर बदलेपर्यंत एकही फेरी घेतली नाही. दोन दिवसांचा धंदा बुडाला, घरात कुरकुर झाली, मी ऐकली नाही.

शेजारच्या काकींच्या होडीला बटण-स्टार्ट आहे. तिथे नुसतं ‘टक्’ वाजलं तर आधी बॅटरीच्या टर्मिनलवरचं हिरवं-पांढरं कीट बघायचं. खाऱ्या हवेत ते फार पटकन धरतं. वायर सोडायची, पॉलिश पेपरने घासायचं, आवळायचं, वर ग्रीस. काकी हे दर रविवारी करतात, मासे साफ करून झाले की.

माझ्या होडीत आता बिस्किटाच्या डब्यात दोन नवे प्लग, प्लगचा पाना, पकड, चिकटपट्टी आणि एक जादा लाल क्लिप असते. आणि दोन वल्ही, ती कायमच.