ध्वनिपुस्तकातील कथावाचन

ध्वनिपुस्तकातील कथावाचन म्हणजे कथा वा कादंबरीचा मजकूर ध्वनिमुद्रणासाठी मोठ्याने वाचण्याची कला होय. छापील पुस्तक वाचताना पात्रांचे आवाज, शब्दांवरील आघात आणि वाचनाची गती वाचक स्वतः ठरवतो. ध्वनिपुस्तकात हे निर्णय वाचकस्वराने आधीच घेतलेले असतात. त्यामुळे एकाच कादंबरीची दोन वाचने श्रोत्यावर भिन्न परिणाम करू शकतात.

पार्श्वभूमी

कीर्तन, दंडार, खडी गंमत यांमुळे श्रवणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम लोकप्रिय केले. व. पु. काळे यांच्या कथा ध्वनिफितींद्वारे घरोघरी पोहोचल्या. 'स्टोरीटेल' ही सेवा २०१७ मध्ये भारतात सुरू झाल्यावर मराठी ध्वनिपुस्तकांना नवे व्यासपीठ मिळाले. कथाकथनात कथाकार समोरच्या श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून मजकूर वाढवतो किंवा आटोपता घेतो. ध्वनिपुस्तकाचा वाचक मात्र लिखित शब्दाशी बांधील असतो आणि श्रोता त्याच्यासमोर नसतो.

वाचनाचे घटक

अवतरणचिन्हे आणि परिच्छेद कानाला दिसत नाहीत. त्यांचे काम विराम व स्वरबदल करतात. प्रथमपुरुषी निवेदनात वाचणाऱ्याचा आवाज हाच पात्राचा आवाज ठरतो, म्हणून त्याचे वय आणि ठेवण महत्त्वाची असते. तृतीयपुरुषी निवेदनात आवाज अतिभावपूर्ण झाल्यास श्रोत्याने काय वाटून घ्यावे हेही आधीच ठरून जाते. मराठीत च, ज, झ यांचे दोन उच्चार आहेत, पण लिपीत ते वेगळे दिसत नाहीत. 'जरा' हा शब्द 'थोडे' या अर्थी एका प्रकारे, तर 'वार्धक्य' या अर्थी दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. डोळा येथे थांबून अर्थ लावू शकतो. कान वाचकस्वरावर विसंबतो.

बोलीचा प्रश्न

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत झाडीबोलीबरोबर गोंडी आणि माडिया या भाषा बोलल्या जातात. झाडीबोलीत 'पाणी' हे 'पानी' आणि 'डोळा' हे 'डोरा' होते. असा संवाद प्रमाण उच्चारांत वाचल्यास पात्राचे गाव हरवते. हेल वाढवून वाचल्यास ते पात्र हास्यास्पद होते. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतील, तर दोन आवाजांतील अंतर सामाजिक उतरंडीसारखे ऐकू येण्याचा धोका असतो. हे टाळण्यासाठी दोन्हींना सारखाच संयम आणि आदर द्यावा लागतो. विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी माडिया समाजाच्या जीवनावर आधारित आहे. अशा कृतीच्या वाचनापूर्वी व्यक्तिनामे व स्थलनामे त्या भाषेच्या जाणकाराकडून समजून घेणे आवश्यक ठरते, कारण चुकीचा उच्चार मुद्रित होऊन तोच श्रोत्यांमध्ये रूढ होऊ शकतो. झाडीपट्टी रंगभूमीवर स्थानिक बोली ऐकण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला कृत्रिम हेल लगेच ओळखू येतो.

श्रोते आणि मर्यादा

दृष्टिहीन व्यक्तींसाठी ध्वनिपुस्तक हे अनेकदा पुस्तकच असते. भारतीय प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुलभ स्वरूपातील प्रती तयार करण्यास विशिष्ट अटींवर मुभा दिली. ज्यांना अक्षरओळख नाही अशा ज्येष्ठांनाही या माध्यमातून लिखित साहित्य उपलब्ध होते. मात्र मागील संदर्भ शोधणे ध्वनिमुद्रणात छापील पुस्तकाइतके सोपे नसते. गुंतागुंतीची पात्ररचना असलेल्या कादंबरीत पात्रांची ओळख टिकवण्याची मोठी जबाबदारी म्हणूनच वाचकस्वरावर येते.

हे सुद्धा पहा

कथाकथन
झाडीबोली
झाडीपट्टी रंगभूमी