लोणावळ्यातल्या बंगल्यावर रात्री साडेबाराला डीजे वाजतोय, थांबवायचा कोणी?

शनिवारची रात्र, साडेबारा वाजून गेलेत. तुंगार्लीतली एखादी शांत गल्ली धरा. शेजारच्या भाड्याच्या बंगल्यावर पंधरा-वीस जणांचा ग्रुप उतरलाय. स्विमिंग पूलच्या कडेला दोन मोठे स्पीकर लावलेत. इकडे खिडकीच्या काचा थरथरतायत, आजी उठून बसल्यात आणि दहावीतलं पोरगं कानात कापूस घालून झोपायचा प्रयत्न करतंय.

घरातलं कोणीतरी गेटवर जाऊन सांगून बघतं. केअरटेकर हात जोडतो, "काका, मी दोनदा सांगितलं हो, पाहुणे ऐकत नाहीत. मालक मुंबईला असतात."

रविवारी दुपारी पाहुणे निघून जातात. पुढच्या शनिवारी दुसरे येतात.

लोणावळा, खंडाळा, कार्ला, कुसगाव, पवना धरणाचा काठ, कुठेही जा, हीच गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकायला मिळते. मग सोमवारी वैतागलेला माणूस अर्ज लिहितो आणि थेट नगरपरिषदेत नाहीतर ग्रामपंचायतीत जातो. त्याचा हिशोब साधा असतो. बंगल्याची घरपट्टी इथे भरली जाते, कचरा इथलीच गाडी उचलते, मग आवाजाची तक्रारही इथेच होणार.

गाडी चुकते ती इथेच.

आवाजाचा कायदा नेमका कोणाच्या हातात आहे?

भारतात आवाजावर नियंत्रण ठेवणारा मुख्य नियम म्हणजे ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. तो पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ खाली केलेला आहे. त्यात 'प्राधिकरण' असा शब्द वापरलाय, म्हणजे आवाजाला परवानगी देणारा आणि आवाज बंद करायला लावणारा अधिकारी. त्यात जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा खालचा नसलेला, नेमून दिलेला अधिकारी येतो.

नगरपरिषदेचे मुख्याधिकारी, नगराध्यक्ष, सरपंच, ग्रामसेवक ही नावं त्यात घेतलेली नाहीत.

म्हणजे नगरपरिषदेला काहीच करता येत नाही असं नाही. बांधकामाची परवानगी, राहत्या घराचा धंद्यासाठी होणारा वापर, व्यवसायाचे परवाने या गोष्टी तिच्याकडे असतात. सतत त्रास देणाऱ्या बंगल्याला त्या बाजूने कोंडीत पकडता येतं. पण 'आत्ता वाजतोय तो आवाज आत्ता बंद करा' हे काम पोलिसांचं.

आणि मावळात पोलीस म्हटलं की आणखी एक गोंधळ आहे. तालुका एक, पण पोलीस दल दोन. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि तळेगाव दाभाडे, देहूरोडचा पट्टा त्यात गेला. लोणावळा शहर, लोणावळा ग्रामीण, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिली. म्हणजे तळेगावात कार्यालयातला साउंड रात्री उशिरापर्यंत सुरू असेल तर वरचा साहेब पोलीस आयुक्त, आणि लोणावळ्यात सुरू असेल तर उपविभागीय पोलीस अधिकारी. हा अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा असतो, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

दहाच्या आधीचा नियम वेगळा, दहानंतरचा वेगळा

बहुतेकांना एवढं माहीत असतं की रात्री दहानंतर स्पीकर बंद. पण या दहाच्या मागे दोन वेगवेगळे नियम आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की तक्रारीचा विचका होतो.

पहिला नियम डेसिबलचा. निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. खासगी जागेतल्या साउंडला तिच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्तीची सूट आहे. आता दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेव्हा तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. म्हणजे निवासी भागातल्या बंगल्याच्या कंपाऊंडवर रात्री जेवढा आवाज चालतो, तो गप्पांपेक्षाही कमी. डीजेचा तर प्रश्नच येत नाही.

दुसरा नियम वेळेचा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपक, साउंड सिस्टीम किंवा कुठलंही वाद्य उघड्यावर वाजवायचंच नाही. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहत असेल तरच चालतं. स्विमिंग पूल, लॉन, गच्ची, तंबूसमोरचं मैदान यातलं काहीही बंदिस्त जागेत बसत नाही.

इथे खरी गंमत आहे. दिवसाची तक्रार असेल तर आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त असायला हवा, म्हणजे मोजणं आलं. पण रात्रीच्या बंदीचा भंग झाला असेल तर नियमाला तेवढंच पुरतं, तक्रार करता येते. मीटर आणा, मोजा, कागद करा या भानगडीची गरजच नाही. दहानंतर, उघड्यावर, स्पीकर सुरू आहे, संपला विषय.

'आमच्याकडे मीटर नाही' किंवा 'आवाज मर्यादेत आहे' हे उत्तर रात्री साडेबाराला लागू पडत नाही ते यामुळे.

डोंगरात आवाज इतका लांब का जातो?

पवन मावळातल्या लोकांची एक तक्रार हमखास असते. तंबू धरणाच्या पलीकडच्या काठावर, पण गाणं असं ऐकू येतं की जणू अंगणात वाजतंय. ही अतिशयोक्ती नाही.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ९५ डेसिबल असेल तर २० मीटरवर ८९, ४० वर ८३, ८० वर ७७, १६० वर ७१ आणि ३२० मीटरवर सुद्धा ६५. मध्ये झाडी, भिंती, घरं आली तर हा आकडा आणखी घटतो. पण धरणाच्या पाण्यावर ना झाड ना भिंत.

त्यात रात्रीची हवा. दिवसा जमिनीजवळची हवा गरम असते, त्यामुळे आवाज वरच्या दिशेला वळतो. निरभ्र रात्री उलटं होतं. खाली गार हवा, वर तुलनेने उबदार, आणि वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो. पाण्यावर आणि दरीत हा प्रकार जास्त जाणवतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे बेस. नियमातले आकडे ज्या पद्धतीने मोजतात ती माणसाच्या कानाला धरून केलेली आहे, त्यामुळे खालच्या पट्टीतला आवाज तिच्यात कमी धरला जातो. ६३ हर्ट्झला ही कपात जवळपास २६ डेसिबलची असते. काचा हलवणारा, छातीत धडधडणारा वूफर मीटरवर त्यामानाने साधा दिसतो. भिंती आणि बंद खिडक्यांतून सर्वात सहज आत येतो तोही हाच बेस.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची शिफारस केली, ती घराबाहेर ४० डेसिबलची. त्याच्या वर गेलं की झोपेवर परिणाम सुरू होतो, असं त्यामागचं म्हणणं. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम योगसंस्था काढली ती याच लोणावळ्यात. हवा आणि शांतता ही इथली जुनी कमाई आहे, चिक्कीच्याही आधीची म्हणायला हरकत नाही.

मग सणासुदीचं काय?

राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ऐवजी १२ पर्यंत सूट देता येते. ती फक्त सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी. जिल्ह्याची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि तिच्यात साधारणपणे शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव आणि नवरात्रातले काही दिवस, ३१ डिसेंबर असे दिवस असतात. शांतता क्षेत्राला ही सूट नाही. आणि कोणाच्या तिशीच्या वाढदिवसाला किंवा बॅचलर पार्टीला तर ती नाहीच नाही.

शांतता क्षेत्राबद्दल एक बारीक गोष्ट. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांत, असं अनेकजण धरून चालतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं अधिसूचित केलेलं असावं लागतं.

पावसाळ्यात आणखी एक हत्यार वापरलं जातं. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने मावळसह इतर तालुक्यांतल्या पर्यटनस्थळांवर जे मनाई आदेश काढले, त्यात धोकादायक ठिकाणी सेल्फी, दारू यांच्याबरोबर डीजे आणि गाडीतले स्पीकर मोठ्याने वाजवण्यावरही बंदी होती. असा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. पण हे आदेश ठरावीक ठिकाणांपुरते आणि ठरावीक मुदतीचे असतात.

तक्रार करायची पण नाव कळलं तर?

मावळात खरी अडचण कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. बंगल्याचा मालक मुंबईचा असला तरी केअरटेकर गावातला, स्वयंपाकाची ऑर्डर घेणाऱ्या मावशी गावातल्या, तंबूची जागा चुलत्याची. आवाजाने झोप उडालेला आणि त्या आवाजाच्या धंद्यावर घर चालवणारा एकाच भावकीत असतो. तक्रार केली की सकाळी पारावर विषय निघणार.

मुंबई उच्च न्यायालयाने याचा विचार केलेला आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर १६ ऑगस्ट २०१६ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. तक्रारदाराचं नाव उघड करायचं नाही, असं त्यात सांगितलं गेलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने ते पुन्हा ठासून सांगितलं. तो खटला कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांचा, धार्मिक स्थळांवरच्या भोंग्यांबद्दलचा. तक्रारदाराची ओळख न मागता पोलिसांनी कारवाई करावी, पहिल्यांदा समज द्यावी, मग दंड, आणि तरीही थांबलं नाही तर साउंड जप्त करून परवाना रद्द करावा, अशी चढती पायरी त्यात आहे.

त्याआधी १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने शांततेचा संबंध थेट घटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला होता. त्या खटल्याची सुरुवात फार वाईट होती. एका १३ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारच्या लाऊडस्पीकरच्या आवाजात तिच्या हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत.

पाहुणे बदलतात, बंगला तोच राहतो

एका रात्रीपुरता स्पीकर बंद झाला तरी पुढचा शनिवार आहेच. सार्वजनिक उपद्रवाचा दंड भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली १ हजार रुपयांपर्यंत. जुन्या भारतीय दंड संहितेत तर तो २०० रुपये होता. वीस जणांच्या ग्रुपला हजार रुपये म्हणजे माणशी पन्नास. पार्टीच्या वर्गणीत कुठेही बसून जातील.

म्हणून नियम ८ महत्त्वाचा. ठाण्याचा अहवाल किंवा शेजाऱ्यांची तक्रार बघून प्राधिकरण एखाद्या जागेपुरता लेखी आदेश काढू शकतं, की इथे साउंड वाजवायचा नाही किंवा अमुक अटींवरच वाजवायचा. लोणावळ्यासारख्या ठिकाणी हे काम नेमून दिलेला उपविभागीय पोलीस अधिकारी करू शकतो. आदेश बंगल्याच्या मालकावर निघाला की पाहुणे कोण होते हा मुद्दाच उरत नाही. मालकाला तो आदेश बदलून मागायचा असेल तर त्याचं म्हणणंही ऐकून घ्यावं लागतं.

पर्यावरण अधिनियमाखाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होता. एप्रिल २०२४ पासून कैद गेली आणि दंड १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत झाला. हा दंड सरकारने नेमलेला अधिकारी ठरवतो. १५ लाखाचा आकडा ऐकून कोणताही व्हिलामालक फोन उचलेल.

हा आदेश मिळवायचा तर आधी नोंदी हव्यात. ११२ वर फोन केला की त्याची नोंद होते. फोनवर तीन गोष्टी नीट सांगाव्यात: पत्ता आणि बंगल्याचं नाव, स्पीकर उघड्यावर आहे, आणि दहा वाजून गेलेत. चार शनिवारच्या अशा चार नोंदी, सोबत घड्याळाची वेळ दिसेल असे व्हिडिओ, आणि मग एक लेखी अर्ज उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे. एकट्याने देण्यापेक्षा गल्लीतल्या पाच-सात घरांनी मिळून दिला तर भावकीतला ताणही वाटला जातो.

आणि ग्रामपंचायत? तिच्या हातात स्पीकर बंद करण्याचा अधिकार नसला तरी ग्रामसभा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बारड गावाने ठराव करून सगळ्याच धार्मिक स्थळांवरचे भोंगे उतरवले होते. २०२२ मध्ये राज्यात भोंग्यांवरून राजकारण पेटलं तेव्हा हे गाव बातम्यांत झळकलं. मावळातल्या एखाद्या गावाने तंबूवाले, बंगलेवाले आणि गावकरी यांना ग्रामसभेत समोरासमोर बसवून 'दहाला साउंड बंद' असा ठराव केला, तर बुकिंग घेतानाच पाहुण्यांना ते सांगता येईल. केअरटेकरलाही रात्री हात जोडण्यापेक्षा गेटवरच्या पाटीकडे बोट दाखवणं सोपं जाईल.