व्हिडिओ गेम तपासण्याची नोकरी : पवनीच्या तरुणांनी काय पाहावे?

"अब्बा, पुण्याला गेम खेळायचा पगार मिळतो."

"खेळायचा पगार? मग आम्ही आयुष्यभर फुकटच घाम गाळला म्हणायचा!"

पवनीच्या बाजारातील दुकानात, संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाल्यावर, बाप आणि मुलगा यांच्यात होऊ शकेल असा हा संवाद आहे. मुलाच्या हातात मोबाईल असतो, बापाच्या हातात उधारीची वही. दोघेही अर्धे बरोबर आहेत. गेम तपासणाऱ्याची, म्हणजे गेम टेस्टरची नोकरी खरोखर असते आणि ती आपल्या महाराष्ट्रातही आहे. मात्र तिला खेळण्याची नोकरी म्हणणे म्हणजे मिठाईच्या दुकानातील कारागिराला दिवसभर पेढे खाणारा म्हणण्यासारखे आहे.

पवनीच्या वाचकाला हे काम समजावून सांगणे तसे सोपे आहे, कारण माल तपासणे हा प्रकार येथे नवा नाही. वैनगंगेच्या काठच्या या गावात विणकरीची परंपरा जुनी. मागावरून उतरलेले लुगडे दुकानात आले की जाणता व्यापारी त्याची घडी मोडतो, उजेडाकडे धरतो, किनार बोटांनी चाचपतो. वीण कोठे विरळ पडली, धागा कोठे तुटून गाठ आली, पदराचा रंग कोठे फुटला, हे त्याला चटकन दिसते. भंडाऱ्याचा पितळेचा व्यापारी भांड्याला टिचकी मारून आवाज ऐकतो. गेम टेस्टर हेच करतो. फरक एवढाच की, त्याच्यासमोरचे लुगडे दर दोन-चार दिवसांनी उसवून पुन्हा विणलेले येते आणि प्रत्येक वेळी ते पहिल्या किनारीपासून पुन्हा तपासावे लागते.

समजा, गेममध्ये एक भिंत आहे. खेळणारा तिच्याजवळून पळत जातो आणि विसरतो. टेस्टर त्या भिंतीवर सरळ आपटतो, तिरपा आपटतो, उडी मारून आपटतो, गाडीत बसून आपटतो. शंभर वेळा काही होत नाही. एकशे एकाव्या वेळी गेममधला माणूस भिंतीतून आरपार जातो आणि खाली पोकळीत पडत राहतो. हा दोष सापडला. परंतु खरे काम येथून पुढे सुरू होते. तो दोष पुन्हा घडवून दाखवावा लागतो. "साहेब, मघाशी झाले होते" असे म्हणून चालत नाही. मग तो लिहावा लागतो : गेमची कोणती आवृत्ती, कोणते यंत्र, कोणत्या ठिकाणाहून सुरुवात केली, कोणती बटणे कोणत्या क्रमाने दाबली, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, दहापैकी किती वेळा झाले. सोबत चित्रफीत जोडायची. कार्यक्रम लिहिणारा अभियंता दुसऱ्या शहरात, पुष्कळदा दुसऱ्या देशात बसलेला असतो. त्याने तुमचा कागद वाचून, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता, तो दोष आपल्या यंत्रावर पाहिला पाहिजे. हे ज्याला जमते तो टेस्टर. बाकीचे सर्व खेळाडू.

गेम कसाही उत्तम खेळता येत असला, तरी त्यावर नोकरी मिळत नाही ती यामुळेच. चार ओळी स्पष्ट इंग्रजीत लिहिता येणारा साधारण खेळाडू हा न लिहिता येणाऱ्या पट्टीच्या खेळाडूपेक्षा कंपनीला अधिक उपयोगी असतो. इंग्रजी साहित्यिक नको, पण वाक्य सरळ हवे.

भिंती-दरवाजांखेरीज आणखी पुष्कळ तपासावे लागते. खेळ ऐन रंगात असताना फोन आला तर काय होते? बॅटरी संपली तर? मेमरी भरली तर? इंटरनेट मध्येच गेले तर? सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो या कंपन्यांच्या यंत्रांवर गेम विकायचा असेल तर त्यांचे स्वतःचे नियम असतात. त्या नियमांत गेम बसला नाही, तर तो परत येतो आणि तारीख चुकते.

तपासणीत कसर राहिली तर काय होते याचे मोठे उदाहरण म्हणजे पोलंडमधील कंपनीचा 'सायबरपंक 2077' हा गेम. डिसेंबर 2020 मध्ये तो बाजारात आला, तेव्हा प्लेस्टेशनच्या जुन्या यंत्रांवर तो धड चालेना. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत करायला घेतले. जानेवारी 2021 मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. गेम सोनीच्या दुकानात परत यायला जून उजाडला. सदोष माल दुकानात गेला की पैशाबरोबर पतही जाते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण आपल्या वाचकांच्या अधिक जवळचे आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये सोनीचा 'लिटल बिग प्लॅनेट' हा मुलांचा गेम बाजारात यायचा होता. तबकड्या तयार होत्या, दुकानांकडे रवाना झाल्या होत्या. त्यातील एका गाण्यात पवित्र कुरआनमधील शब्द संगीतावर गायलेले आहेत, हे एका मुस्लिम खेळाडूच्या ध्यानात आले आणि त्याने कंपनीला कळवले. गाणे माली देशाचे नामवंत वादक तुमानी दियाबाते यांचे होते. ते स्वतः मुस्लिम, आणि आपल्या देशात अशी रीत आहे असे त्यांचे म्हणणे. तरीही सोनीने तबकड्या परत मागवल्या, गाण्यातील शब्द काढले आणि गेमची तारीख पुढे ढकलली. तपासणाऱ्यांच्या खोलीत ते शब्द ओळखणारा एक जरी मनुष्य असता, तरी हा खर्च वाचला असता. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी : व्हॅनगार्ड' या गेममध्ये कुरआनची पाने जमिनीवर विखुरलेली दिसली. अॅक्टिव्हिजन कंपनीला माफी मागून ती काढावी लागली.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. गेम आता अनेक भाषांत निघतात आणि प्रत्येक भाषेची स्वतंत्र तपासणी होते. अरबी व उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. संगणकात गडबड झाली की अक्षरे सुटी पडतात किंवा ओळ उलटी होते. लिपी न जाणणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही, उर्दू शाळेत शिकलेल्या पोराला ते पाहताक्षणी खटकते. हा एक जास्तीचा हुन्नर आहे, अर्जात अवश्य लिहावा. मात्र अरबी अक्षर वाचता येणे आणि अरबी भाषा येणे यांत अंतर आहे. जेवढे येते तेवढेच लिहावे. मुलाखतीत उघडे पडण्यापेक्षा ते बरे.

आता नोकरी कोठे? महाराष्ट्रात पहिले नाव पुण्याचे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने 2008 मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला आणि तेथे गेमची तपासणी मोठ्या प्रमाणावर होत आली. 2018 मध्ये तिने मुंबईतही स्टुडिओ उघडला. आपल्या लोकांच्या कंपन्याही पुण्यात आहेत. 2020 मध्ये निघालेला 'राजी' हा गेम तेथील नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीचा, तर 2024 मध्ये आलेला 'इंडस' सुपरगेमिंगचा. राज्याबाहेर बंगळूर व हैदराबाद येथे परदेशी कंपन्यांची कामे चालतात. पदवी बहुतेक ठिकाणी मागतात. शाखेबाबत सहसा फार आग्रह नसतो, परंतु जाहिरात नीट वाचावी. नागपूरला मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची केंद्रे आहेत. तेथे गेम नव्हेत, पण बँका, विमा वगैरेंची सॉफ्टवेअर कामे असतात आणि तपासणीचे मूळ शास्त्र तेच आहे. ज्याला घरापासून फार दूर जायचे नाही, त्याने हीही वाट ध्यानात ठेवावी. बैठे काम असल्याने मुलींनाही ते सोयीचे आहे, फक्त रात्रपाळी आहे का हे आधी विचारून घ्यावे. परदेशातील कामाच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

जाहिरातीत जे लिहिलेले नसते तेही पाहावे. या धंद्यात टेस्टर हा बहुधा शेवटच्या फळीतला माणूस समजला जातो. गेम निघायच्या आधी भरती, गेम निघाला की कंत्राट संपले, असा प्रकार जगभर आहे. अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर या कंपनीत डिसेंबर 2021 मध्ये 12 टेस्टरांना काम संपल्याचे कळवले गेले, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी संप केला आणि मे 2022 मध्ये 19 विरुद्ध 3 मतांनी संघटना स्थापली. फेब्रुवारी 2023 मध्ये ईए कंपनीने लुइझियाना राज्यातील 200 हून अधिक टेस्टरांचे काम एकाच वेळी थांबवले. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातून 1,900 माणसे कमी केली. आपल्याकडेही कामे हलतात. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या जुन्या गेमची नवी आवृत्ती पुणे व मुंबईचे स्टुडिओ करीत होते. 2020 मध्ये तिची घोषणा झाली आणि 2022 मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलला गेले. शिवाय भिंतीवर हजार वेळा आपटण्यासारखी कामे आता संगणकाकडूनच करून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत.

म्हणून नेमणूकपत्र हाती घेतल्याखेरीज पवनीहून बिछाना बांधू नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत एक वर्ष भरल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पत्रावर नाव मूळ कंपनीचे आहे की माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराचे, मुदत किती, पीएफ कापून हातात किती पडणार, हे बापानेही वाचावे. मुलाला गेमचे नाव पाहून भुरळ पडते, पण बापाला हिशेब येतो. पुण्यातील खोलीचे भाडे, अनामत रक्कम, खानावळ आणि जाण्या-येण्याचा खर्च कागदावर मांडा. पहिला पगार हाती येईपर्यंत दीड-दोन महिने घरूनच खर्च पुरवावा लागेल, हे धरून चाला.

आणि आता सर्वांत जपण्याची गोष्ट. "घरबसल्या गेम तपासा, रोज हजारो कमवा" असे निरोप मोबाईलवर येतात. आधी नोंदणीची फी मागतात, मग प्रशिक्षणाची, मग "अडकलेला पगार" सोडवण्यासाठी आणखी. काही जण सुरुवातीला शे-दोनशे रुपये खात्यात टाकतातही, म्हणजे विश्वास बसावा. सुताचा व्यापारी विणकराकडून काम देण्याबद्दल पैसे घेत नाही, उलट मजुरी देतो. येथेही तोच नियम लावा. जो काम देण्यासाठी पैसे मागतो तो मालक नव्हे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

काही कंपन्या पैसे लावून खेळायच्या गेमच्या होत्या. जुगाराच्या कमाईबद्दल आपल्या घरांत काय मत आहे ते वेगळे सांगायला नको. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली आणि ड्रीम इलेव्हनसारख्या बड्या कंपनीलाही तशा स्पर्धा बंद कराव्या लागल्या. अशा कंपनीच्या नावाने आज कोणी नोकरी देऊ करीत असेल, तर दुप्पट सावध राहावे.

तयारी मात्र पवनीत बसून, एक पैसा न देता होते. 'सुपरटक्सकार्ट' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम फुकट मिळतो. त्याची सर्व घडण खुली आहे आणि सापडलेला दोष कोणीही त्याच्या कारागिरांना लेखी कळवू शकतो. 'माइनक्राफ्ट'चे दोष नोंदवण्याचीही अशीच खुली वही आहे. गुगलच्या प्ले स्टोअरवर काही गेम पक्के होण्याआधी चाचणीसाठी देतात, तेथेही नाव नोंदवता येते. रोज एक तास खेळावे आणि एक तास लिहावे. दोष नोंदवण्यापूर्वी तो आधीच कोणी नोंदवला आहे का ते शोधावे. तेच तेच पुन्हा पाठवणाऱ्याला कोणी विचारत नाही. लिहिलेला कागद गेम न खेळणाऱ्या धाकट्या भावाच्या हाती द्यावा आणि आपण बाजूला उभे राहावे. त्याला कागद वाचून तो दोष घडवता आला तर लिखाण पक्के. नाही आला तर पुन्हा लिहा.

सहा महिन्यांत असे वीस-पंचवीस चांगले अहवाल जमले, तर ते मुलाखतीत पुढे ठेवता येतात. एक सूचना राहिली. प्रत्यक्ष नोकरी लागल्यावर मात्र न निघालेल्या गेमचा एक फोटोही मित्राला पाठवायचा नाही, तसे लिहून घेतात आणि मोडल्यास नोकरी जाते. ज्या पेढीवर दुसऱ्याच्या नव्या किनारीचा नमुना बाहेर फुटतो, तिच्याकडे विणकर परत येत नाही, हे घरातल्या थोरांना विचारले तर तेही सांगतील.