पट्टीचा जोडा

छावणीच्या सडकेवर पहाटे धांवणारा सरावाचा नवा पट्टीचा जोडा घालतो, तेव्हां पहिल्याच फेरींत पाय आपोआप पुढें पडल्यासारखा त्याला वाटतो. हें कशामुळें? तळांत कार्बनची वा नायलॉनची ताठ, वक्र पट्टी असते. तिची स्वतःची उसळी थोडीच. खरी उसळी फोमच्या जाड थराची. पट्टी त्या मऊ थरास स्थैर्य देते व बोटांच्या सांध्यांचें वांकणें कमी करिते. सडकेवरच्या शर्यतींत २०२० पासून तळ ४० मिलिमीटर व पट्टी एकच, अशी मर्यादा आहे. सरावास ती लागू नाहीं. मात्र भाराची जागा बदलल्यानें पावलाचें हाड दुखावूं शकतें. म्हणून आरंभीं थोडेंच अंतर धांवावें, एरवीं साधा जोडा वापरावा. जोडा पट्टीचा असला, तरी धांवणारा पट्टीचा होतो तो सरावानेंच.