कोळंबीला जोडीदार आणण्याआधी

खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये एकटीच फिरणारी रंगीत कोळंबी पाहिली, की हिला जोडीदार आणायला हवा, असं घरात कुणीतरी म्हणतंच. त्यामागे माया असते, पण तेवढ्या मायेवर दुकानातून तशीच दिसणारी दुसरी आणून पाण्यात सोडली, तर दोघींपैकी एकीचा जीव जाऊ शकतो. जोडी जमेल की नाही, हे त्या जातीच्या शरीरावर आणि स्वभावावर ठरतं. हौशी लोकांकडे हमखास दिसणाऱ्या दोन जाती घेतल्या, तरी त्यांची उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट येतात.

पहिली क्लीनर श्रिंप. शास्त्रीय नाव लायस्माटा अम्बोइनेन्सिस. लाल पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, आणि माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाण्याची सवय. हिच्यासाठी नर शोधायचा की मादी, हा प्रश्नच उद्भवत नाही. या कुळातला प्राणी आधी नर म्हणून वयात येतो, मोठा झाल्यावर त्याला मादीची इंद्रियं येतात आणि नराचं काम करण्याची क्षमताही टिकून राहते. रेमंड बाउअर आणि जोन होल्ट यांनी 1998 साली याच कुळातल्या पेपरमिंट श्रिंपमध्ये हे सिद्ध केलं. म्हणून पूर्ण वाढलेल्या कोणत्याही दोन क्लीनर श्रिंप एकमेकींना चालतात. त्या वेळी आई कोण होणार, हे कात ठरवते. जिने नुकतीच कात टाकली आहे ती मादीची भूमिका घेते, दुसरी नराची. पुढे पाळी बदलते. मात्र स्वतःची अंडी स्वतःच फळवणं तिला जमत नाही, त्यामुळे पिल्लांसाठी दुसरी लागतेच.

दुसरी बॉक्सिंग श्रिंप, म्हणजे स्टेनोपस हिस्पिडस. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, लांब नांग्यांची. इथे नर आणि मादी वेगवेगळे असतात आणि एकाच लिंगाचे दोन प्राणी एका टाकीत आले, तर बहुतेक वेळा एक मरेपर्यंत झुंज चालते. वयात आलेली मादी सहसा नरापेक्षा मोठी असते आणि तिच्या अंगातून निळसर-हिरवं अंडाशय दिसतं. पण लहान कोळंब्यांत ही खूण सापडत नाही. शिवाय ही जात आपला जोडीदार ओळखते, परक्याशी तशी वागत नाही. 1977 च्या प्रयोगांत हे दिसून आलं. त्यामुळे नर-मादी बरोबर निवडले तरी ते एकमेकांना स्वीकारतीलच, याची खात्री देता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, समुद्रात दोन्ही जाती जोडीनेच राहतात, मग एकटं ठेवणं क्रूर नाही का? आक्षेपात तथ्य आहे. पण समुद्रात हरलेल्या प्राण्याला दुसरी कपार शोधता येते. टाकीत पळायला जागा नसते. क्लीनर श्रिंपचे दोनांहून मोठे गट बंद टाकीत ठेवण्याचा प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात मारामारी होत राहिली आणि शेवटी जोडीच उरली. बळी पडणाऱ्या बहुतेक नुकत्याच कात टाकलेल्या, मऊ अंगाच्या होत्या. सोबत म्हणून तिसरी-चौथी आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि एकटेपणाचं म्हणाल, तर भरपूर कपारी आणि स्थिर पाणी मिळालेली कोळंबी एकटीही नियमित खाते, वाढते, कात टाकते. तिला माणसासारखं एकाकी वाटतं, असं मानायला पुरावा नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरी पिल्लं झाली, तर प्रवाळांमधून कोळंबी पकडण्याची गरज कमी होईल. उद्देश उत्तम, पण अंड्यातून निघालेली अळी पाण्यात महिनोन्‌महिने तरंगत राहते. तिला सतत बारीक जिवंत खाद्य लागतं. साध्या टाकीत ती पंपात ओढली जाते किंवा मासे तिला खाऊन टाकतात. हे काम वेगळ्या टाक्या आणि तयारी असलेल्यांचं आहे. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने शोभेच्या सागरी कोळंबीचं प्रजनन करून स्थानिक महिलांना ते काम दिलं आहे. घरच्या हौसेपेक्षा अशा केंद्रांनीच प्रवाळांवरचा भार हलका होईल.

तेव्हा क्लीनर श्रिंप असेल, तर साधारण तिच्याच आकाराची फक्त एक आणा. बॉक्सिंग श्रिंप असेल, तर दुकानात एकाच टाकीत आधीपासून शांतपणे राहत असलेली जोडी मागा. ती नसेल, तर आहे तिला एकटीच राहू द्या.