जनगणनेचा प्रश्न आणि स्त्रियांचे श्रम

पहाटे शेणगोठा उरकून दिवसभर शेतात निंदणी करणारी आणि सायंकाळी पुन्हा चुलीपुढे बसणारी स्त्री काम करते की नाही, याविषयी गावात दुमत होणार नाही. कागदावर मात्र याचे उत्तर प्रश्नाच्या घडणीनुसार बदलत आले आहे. १९६१ च्या जनगणनेत देशातील सुमारे २८ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. १९७१ मध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत निम्म्या स्त्रियांनी काम सोडले, असे अर्थातच घडले नव्हते.

१९६१ मध्ये हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामकरी धरली गेली. १९७१ मध्ये व्यक्तीचे मुख्य कार्य कोणते, असे विचारण्यात आले. माहिती बहुधा कुटुंबप्रमुख देई आणि 'घरकाम' असे सांगून मोकळा होई. दुय्यम कामाची नोंद स्वतंत्र असल्याने ती मुख्य आकड्यात आली नाही. १९८१ मध्ये गेल्या वर्षभरात कधीही काम केले काय, असे प्रथम विचारले गेले. प्रमाण सुमारे २० टक्के झाले. १९९१ मध्ये शेतावरील व घरच्या धंद्यातील विनामोबदला कामाचा उल्लेख प्रश्नातच आला आणि ते २२ टक्क्यांवर गेले. सारा फरक शब्दांनीच घडविला असे म्हणता येणार नाही. तथापि त्यांचा वाटा मोठा होता.

प्रश्न कोणत्या मार्गाने पोहोचतो, हेही महत्त्वाचे असते. छापील यादीतील आरंभीचे पर्याय अधिक निवडले जातात, तर ऐकलेल्या यादीतील शेवटचे ध्यानात राहतात. दूरध्वनीवर लांब यादी टिकतच नाही. प्रत्यक्ष भेटीत प्रगणकाला, आणि तो बहुधा शिक्षकच असतो, 'लावणीला कोण जाते? गुरांचे कोण पाहते?' असे उलगडून विचारता येते. एकेका कामाविषयी वेगळे विचारले की 'काय करता?' या मोघम प्रश्नातून निसटलेले पुष्कळ हाती लागते.

२०२७ च्या जनगणनेसाठी कुटुंबाने स्वतःच माहिती भरण्याची सोय जाहीर झाली आहे. तेथे उलगडून सांगणारे कोणी समोर नसेल, आणि घरातील मोबाइल ज्याच्या हाती, तोच बहुधा इतरांच्या वतीनेही उत्तर देईल. ग्रामपंचायतीच्या कुटुंब-पाहणीतही 'व्यवसाय' या एका रकान्याऐवजी शेत, जनावरे व मजुरी असे तीन रकाने ठेवून, ते शक्यतो त्या स्त्रीलाच विचारून भरता येतील.